षष्ठातील शनि-मंगळ आणि तुझे गृहकर्ज

पुणे

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतची पत्रिकेची प्रत मिळाली. षष्ठस्थानी, म्हणजे पत्रिकेच्या सहाव्या घरात, शनि-मंगळाची युती आहे म्हणून तू जन्मभर कर्जात राहशील, असे त्या ज्योतिषीबुवांनी सांगितले आणि वर शांतीसाठी एकवीस हजारांची यादीही हातात ठेवली, हे वाचून मला रागच आला. ज्याला हप्ता जड जातो आहे, त्याला आणखी उसनवारी करायला लावणारी ही कसली शांती!

तुझी पत्रिका मी पुन्हा नीट पाहिली. जन्म मार्च 1992च्या पहिल्या आठवड्यातला, सूर्य कुंभेत आणि वेळ दिवेलागणीची, म्हणून लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, सिंह आले आणि सहावे घर मकरेचे. त्या दिवसांत शनि आणि मंगळ दोघेही मकरेत, अगदी जवळजवळ होते. मकर ही शनीची स्वतःची रास आणि मंगळाची उच्च रास, म्हणजे जेथे तो सर्वांत बलवान मानतात ती. सहावे घर रोग, ऋण आणि रिपूंचे, एवढेच ऐकून माणसे घाबरतात. परंतु तिसरे, सहावे, दहावे आणि अकरावे ही उपचयस्थाने, म्हणजे वाढीची घरे, आहेत आणि तेथे शनि-मंगळासारखे पापग्रह बलवान असणे आपल्या परंपरेने चांगलेच मानले आहे. शत्रूच्या दारात गरीब स्वभावाचा माणूस उभा करून काय उपयोग, तेथे दांडगाच हवा, असे माझे आजोबा म्हणत. शिवाय षष्ठेश, म्हणजे सहाव्या घराचा स्वामी शनि, षष्ठातच असल्याने तुझ्या पत्रिकेत हर्षयोग होतो, ज्याची गणना विपरीत राजयोगांत, म्हणजे वाइटातून चांगले घडवणाऱ्या योगांत, करतात. बुवांनी ही गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगितली असती तर शांतीची यादी कशी निघाली असती?

आता मंगळाकडे पाहा. सिंह लग्नाला तो चतुर्थ आणि भाग्य, म्हणजे चौथे आणि नववे, या दोन घरांचा स्वामी, म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा. चतुर्थ म्हणजे घर आणि जमीन. त्याचा स्वामी ऋणस्थानी, ऋणेशाच्याच मांडीला मांडी लावून बसलेला. याचा अर्थ मी एवढाच लावतो की तुझे घर कर्जातूनच उभे राहायचे होते आणि ते तसे राहिले. मला अधिक मौज वाटते ती या दोघांच्या नात्याची. नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकात मंगळाला शनि सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू, आहे, शनीला मात्र मंगळ शत्रू आहे. तुझ्यातही कर्ज काढणाऱ्याला हप्ता भरणाऱ्याची आठवण नसते, आणि हप्ता भरणारा मात्र काढणाऱ्यावर डूख धरून असतो. कार घेतलीस त्या दिवशी मी तुझ्यासोबत होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे.

माझीही गोष्ट सांगतो, कारण ती तुला कधी सांगितली नव्हती. 21 डिसेंबर 2020 रोजी संध्याकाळी गुरू आणि शनि एकमेकांपासून अंशाच्या दहाव्या भागाइतक्या अंतरावर आले होते आणि ते पाहायला मी गच्चीवर गेलो होतो. ही युती सुमारे वीस वर्षांनी येते. 2000च्या मे महिन्यात ती मेषेत झाली, जेथे शनि नीचीचा, म्हणजे सर्वांत दुबळा, असतो. 2020ची मकरेत, जेथे शनि स्वगृही आणि गुरू नीचीचा. गुरू म्हणजे पत आणि विस्तार, शनि म्हणजे मर्यादा. त्या काळात माझ्या क्रेडिट कार्डावर एक लाखाची थकबाकी होती आणि मी दरमहा किमान रक्कम, म्हणजे पाच हजार, भरून स्वतःला शिस्तीचा समजत होतो. साडेतीन टक्के मासिक व्याजाचे साडेतीन हजार आणि त्यावर जीएसटीचे सहाशे तीस वजा जाता मुद्दलातून जेमतेम आठशे सत्तर रुपये कमी होत होते. हा हिशेब मी त्याच रात्री पहिल्यांदा कागदावर मांडला. आपण पत समजून मिरवत होतो तीच नीचीची निघाली, असे वाटून गेले. पुढच्या महिन्यात सोने मोडून कार्ड बंद केले.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेल्या, ज्योतिष पारखणाऱ्या प्रयोगाची आठवण तू मला करून देशीलच. दोनशे पत्रिकांमधून हुशार आणि मतिमंद मुले ओळखायची होती; सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी शेकडा 46 बरोबर आली, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षाही कमी. हे मला मान्य आहे आणि म्हणूनच तू कर्जात राहशील की नाही, हे मी पत्रिकेला विचारत नाही. मात्र मुहूर्तशास्त्रातला एक नियम मी पाळतो: मंगळवारी कर्ज घेऊ नये, फेडावे, आणि पंचांगातल्या वृद्धि नावाच्या योगावर तर मुळीच घेऊ नये, कारण ते वाढत जाते. काहीतरी विकत घेण्याची हुक्की येते तेव्हा पंचांग उघडून बसण्याइतका वेळ हा नियम मला मिळवून देतो, आणि बहुतेक वेळा तेवढा वेळ पुरतो.

तुझे कर्ज चाळीस लाखांचे, वीस वर्षांचे, साडेआठ टक्क्यांचे; हप्ता 34,713 रुपये. पहिल्या हप्त्यात 28,333 रुपये व्याजात गेले आणि मुद्दल 6,380 रुपयांनी हलले. दरवर्षी एक हप्ता जास्त भरलास, तर तीन वर्षांहून थोडी अधिक मुदत कमी होईल, आणि दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असल्यामुळे मुदतपूर्व फेडीला दंड नाही. शांतीचे एकवीस हजार त्यातच घाल.

कर्जखात्याचा चालू उतारा मला पाठव. येत्या मंगळवारी रात्री फोन करतो, तेव्हा कारच्या कर्जाचे कागदही समोर ठेव. त्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेले नाहीस, हे माझ्या लक्षात आले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र