गुडघा आणि शनिवारची मॅच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सुजलेल्या गुडघ्याने शनिवारची फुटबॉल मॅच खेळायची की नाही, यावरून काल आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. गुडघ्याचा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलोय.

तू म्हणालास, "रेड ग्रेंज नाही का खेळला? बारा दिवसांत आठ मॅच!" खेळला ना, दुखापतीने सगळ्या नाही, तरी खेळला. अमेरिकन फुटबॉलमधला तो नावाजलेला धावपटू गडी आपल्याच व्हीटन गावचा; तिथे वाढलेल्या पोराला ते मी काय सांगणार? उन्हाळ्यात घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवणाऱ्या ग्रेंजची गोष्ट तू रोज रात्री सांगायला लावायचास. अण्णा आले होते तेव्हा मिशिगन विद्यापीठाविरुद्धचे ते बारा मिनिटांतले चार टचडाउन (चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार जाणं) तू त्यांना मागच्या अंगणात पळून दाखवलेस. अण्णांना नियम ठाऊक नव्हते, पण नंतर महिनाभर पुण्यात सगळ्यांना तेच सांगत होते.

पण पुढचं तू कधीच सांगत नाहीस. १९२५ मध्ये कॉलेजची शेवटची मॅच झाली, दुसऱ्याच दिवशी त्याने शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाशी करार केला आणि पाचव्या दिवशी मैदानात उतरला. डिग्री राहिली ती राहिलीच. हाताला मार बसला तरी दौरा चालूच, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपत होती. पैसा रग्गड मिळाला, ते नाकारत नाही. मग १९२७ मध्ये फेकलेला चेंडू झेलताना बुटाचे खिळे मातीत रुतले, वर माणूस आदळला आणि गुडघा गेला. १९२८ चा अख्खा हंगाम बुडाला. गुडघा गेला तेव्हा वय चोवीस! परतला, पण पळता पळता झटक्यात वळणं, ज्यासाठी लोक गर्दी करत, ते काही परत आलं नाही.

तेव्हा एमआरआय नव्हता, आजच्यासारखी शस्त्रक्रिया नव्हती. तुला दोन्ही मिळतंय आणि तू शनिवार धरून बसलायस. मॅच काय, पुढच्या वर्षीही असतात. ताईच्या लग्नात नाचायचंय, जिने चढायचेत, उद्या आम्हालाही धरून चढवायचंय... लेक्चर सुरू झालं बघ. रागावू नकोस.

एक मात्र मनापासून सांगतो. मला ग्रेंज आवडतो तो १९३३ चा. अंतिम सामना, बेअर्स २३, न्यूयॉर्क जायंट्स २१, शेवटचा डाव. समोरचा गडी चेंडू बाजूच्या साथीदाराकडे टाकणार हे त्याने ओळखलं आणि पायांऐवजी छातीशी, हातांसकट कवळ घातली. चेंडू सुटलाच नाही. पळणं गेलेला माणूस डोक्याने खेळला. तुझ्यात ती नजर आहे. मागच्या वर्षी स्टँडमध्ये बसून मी ती पाहिलीय, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला 'माझा मुलगा' म्हणून सांगितलंय.

सूज उतरली का? खरं सांग, आईला कळू देणार नाही. टीमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरी बाहेरच्या ऑर्थोपेडिकला दाखव. शुक्रवारची वेळ मिळतेय, मी घेऊन ठेवतो. सकाळी निघून तिकडे पोचेन. येऊ ना?

तुझा,
बाबा