लाडवाचा डबा इथेच राहिला

सोनू,

रविवारी तुमची गाडी चांदणी चौकाकडे गेली आणि वर येऊन बघते तर अळिवाच्या लाडवांचा डबा ओट्यावरच. बाबा म्हणाले व्हॉट्सअॅप कर, पण तिथे तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हे पत्र. लेक्चर देणार नाहीये.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीस का?

पहिले दहा-पंधरा दिवस बाळंतीण रडतेच, हार्मोन्स एकदम उतरतात, असं नर्सबाई म्हणाल्या आणि मी तेच धरून बसले. पण आता सव्वा महिना उलटून गेला गं. बाळ झोपलं तरी तू भिंतीकडे बघत जागी. आणि मी काय बोलले, तर "आमच्या वेळी नव्हती ही थेरं". चुकले.

होती. ९३ला मंदार झाला तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. तू चार वर्षांची, दाराबाहेर पाटावर बसून असायचीस. आईला त्रास देऊ नकोस, असं मावशीने बजावलं होतं, मग तू हट्टच सोडलास आणि अख्खा वाडा म्हणायचा काय शहाणी पोर. मलाही कौतुकच वाटायचं तेव्हा.

शनिवारी ईराने कणकेचा गोळा हातात घेऊन मला हळूच विचारलं, "आजी, मी दूध सांडलं म्हणून आई रडते का?"

तिला सांग सोनू. आईचं मन आजारी आहे, तुझ्यामुळे नाही, डॉक्टर बरं करणार आहेत. एवढंच, पण तुझ्या तोंडून. डोळ्यात कचरा गेला वगैरे नको, पोरांना कळतं.

आणि गोळ्यांना घाबरू नकोस, अंगावर पाजताना चालणाऱ्याही असतात, फक्त पाजतेस हे डॉक्टरांना आधी सांग. स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल काही वेडंवाकडं मनात आलं तर सकाळची वाट बघू नकोस, निखिलला उठव, मला उठव. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, नंबरही फ्रिजवर लाव, सरकारी आहे, फुकट, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात.

झालंच शेवटी लेक्चर. पाच माणसांचं घर आणि ऑफिस तू कसं सांभाळतेस हे मी शेजारणींना रंगवून सांगते, तुलाच कधी सांगितलं नाही.

बुधवारी डबा घेऊन येते. अपॉइंटमेंट गुरुवारची मिळाली तर राहीन, ईराला मी बघते. मिळतेय का तेवढं कळव, अंगठा नको.

आई