दीवची पहिली संध्याकाळ गावासाठी ठेवा

संपादक महोदय,

दिवाळीनंतर सोमनाथ-गीर-दीव सहलींचा हंगाम सुरू होतो. बहुतेक सहलींत दीवची पहिली संध्याकाळ नागोआ किनाऱ्यावर जाते. समुद्रस्नान दुसऱ्या दिवशी सकाळीही करता येते. किल्ला मात्र संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतो, आणि मग अनेकांचा तो राहूनच जातो.

घोळ होतो तो निघण्याच्या वेळेत. सोमनाथ ते दीव सुमारे ८५ किलोमीटर. दुपारी जेवून निघालेली मंडळी खोलीत सामान टाकेपर्यंत दिवस कलतो. त्याऐवजी सकाळी अकराच्या आत निघावे, दीवला जेवावे आणि साडेतीनला किल्ल्यात शिरावे. दीड तास पुरतो. खडक फोडून काढलेल्या खंदकात भरतीचे पाणी शिरते, तो आधी पाहावा, मग तोफा आणि दीपगृहाकडची तटबंदी. तटाला सगळीकडे कठडे नाहीत. मुलांचा हात सोडू नये. वरून खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा किल्ला दिसतो. बंदरात येणारे गलबत या कोठ्याच्या आणि किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यातूनच जाई. पुढे खंबायतच्या व्यापारी जहाजांना इथे थांबून जकात भरण्याची सक्ती पोर्तुगीजांनी केली ती याच जोरावर.

मराठी माणसाने हे गाव पाहण्याचे आणखी एक कारण आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधू दिला. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. कोटातले पोर्तुगीज शहर पुढे ओस पडले. दीव १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. म्हणून वसईच्या कोटात जिथे छप्पर उडालेल्या भिंती पाहाव्या लागतात, तिथे दीवच्या गावाभोवतीच्या तटाआत आजही माणसे राहतात, दुकाने उघडतात, सेंट पॉल चर्चमध्ये प्रार्थना होते. वसई ज्याला ठाऊक आहे, त्याला दीवच्या गल्ल्यांत पावलोपावली ओळख पटेल.

किल्ल्यातून निघून फिरंगीवाड्यात, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीत, पायीच जावे. गल्ल्या अरुंद आहेत; भाड्याची स्कूटर तिथे अडचणच करते. सेंट पॉल पाहिल्यावर सूर्यास्तासाठी रिक्षाने चक्रतीर्थ किनाऱ्यावर जावे. दीव मुंबईच्याही पश्चिमेला असल्याने सूर्य थोडा उशिरा मावळतो : डिसेंबरात सव्वासहाच्या आसपास, मेअखेर सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकलेला असल्याने या किनाऱ्यावरून थेट समुद्रात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात बेटाच्या जमिनीमागे जातो. तिथेच आयएनएस खुकरीचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिथे सेल्फीसाठी चाललेला आरडाओरडा थांबायलाच हवा. परतीची रिक्षा आधीच ठरवून थांबवून ठेवावी, अंधार पडल्यावर ती मिळेलच असे नाही.

जेवण गावात, आणि त्याआधी गावाच्या तटातल्या झांपा दरवाजावरची सिंहांची शिल्पे पाहून घ्यावीत. गंगेश्वर या समुद्रकाठच्या शिवस्थानाची घाई मात्र त्या संध्याकाळी करू नये. भरतीच्या वेळी तिथली शिवलिंगे लाटांखाली जातात, खडक निसरडे असतात, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ती स्थानिकांना विचारून दुसऱ्या दिवशी ओहोटीला जावे. दीवला मद्य मिळते, पण दीवची हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू होते. गाडीत एक बाटली सापडली तरी गुन्हा.

सहल कंपन्यांनी कार्यक्रमपत्रिकेत दीवला पोहोचण्याची वेळ दुपारी दोनची ठेवावी आणि आपल्या पर्यटन पुरवणीने दीववर लिहिताना त्या आठवड्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा सोबत छापाव्यात, ही विनंती.

– एक दुर्गप्रेमी वाचक, वसई