स्पीकर बदलण्याआधी खुर्ची सरकवून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरच्या घरी गाणी बनवणाऱ्या मुलांवर लेख आला होता, वाचून खरंच बरं वाटलं, कारण आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरातच अशी चार-पाच पोरं मला माहितीयेत, जी नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री कोळीगीतं, भजनं, रॅप असं काय काय करत बसलेली असतात. पण त्या लेखात मॉनिटर स्पीकरबद्दल, म्हणजे गाणं बनवताना ते जसं आहे तसं ऐकवणाऱ्या स्पीकरबद्दल, एकच ओळ होती, "चांगले मोठे मॉनिटर घ्यावेत", आणि त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय. मुंबईतल्या खोल्या बघता या सल्ल्याने पोरांचे पैसे जातील. माझे गेलेत म्हणून सांगतो.

मी बारा-तेरा वर्षं भजनी मंडळांची रेकॉर्डिंग मिक्स करतोय, म्हणजे गळा, पखवाज, टाळ यांचे आवाज एकमेकांत नीट बसवतोय. खोली दहा बाय दहा, त्यातच कपाट, त्यातच दिवाण. सुरुवातीला पाच इंची वूफरची (वूफर म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर काढणारा मोठा पडदा) जोडी घेतली होती, टेबल भिंतीपासून जरा पुढे ओढलेलं आणि मी बसायचो बरोबर खोलीच्या मधोमध. पखवाजाची डावी बाजू, जिथे कणीक लावतात ना, तिचा तो भरदार खालचा आवाज मला ऐकूच यायचा नाही. वाटलं पाच इंचाची ताकदच तेवढी, म्हणून ती जोडी मिळेल त्या किमतीला विकली, वर तीस हजार घातले आणि आठ इंची आणली. तरी खुर्चीत बसलं की पखवाज पोकळच, मग मी मिक्समध्ये बेस वाढवायचो, अजून वाढवायचो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, म्हणाल्या, "अरे, आमच्या मांडणीवरची भांडी वाजतायत, जरा हळू लाव ना." मला काही कळेना, मला ऐकू येत नाही आणि यांची भांडी वाजतायत! तेच रेकॉर्डिंग सप्ताहाला मंडपातल्या बॉक्सवर लागलं तेव्हा नुसतं धुमधुम, अभंगाचे शब्दच कळेनात. बुवांनी मला बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाळा, पखवाज तुकोबांच्या अंगावर चढलाय." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग एक दिवस गाणं चालूच ठेवून पाणी प्यायला उठलो, मोरीच्या बाजूच्या भिंतीला टेकलो, आणि तिथे तो पखवाज असा घुमत होता की पाठीला भिंत थरथरलेली कळत होती. परत खुर्चीत येऊन बसलो, गायब. परत भिंतीशी, हजर. चार पावलांचा फरक.

नंतर वाचलं, मोजलं, तेव्हा समजलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या आसपास, जाऊन-येऊन सहा, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या जवळपासचा, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ कंपनांचा, खालचा सूर अडकतो, भिंतींपाशी तो फुगतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ मरतो. खोली चौरस असली तर लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे दोन्हीकडून तोच त्रास डबल. वर स्लॅब नऊ फुटांवर, तो ६३ च्या आसपास अजून एक गोंधळ घालतो. आता या खोलीत पाच इंची ठेवा नाहीतर आठ इंची, मधल्या खुर्चीत तो सूर मिळणारच नाही, मोठा बॉक्स फक्त शेजाऱ्यांपर्यंत जास्त जोरात पोचवतो.

म्हणून मुलांना माझं सांगणं असं की टोन जनरेटरचं फुकट ॲप घ्या, ५० ते ७० हर्ट्झमधला एकेक सूर मॉनिटरमधून बारीक आवाजात सोडा आणि खोलीत नुसतं चालून बघा, कुठे फुगतो कुठे मरतो ते कानालाच कळेल. मी खुर्ची पुढे घेतली, समोरच्या भिंतीपासून चार फुटांच्या आत, स्पीकर भिंतीजवळ, दोन स्पीकरमध्ये तीन फूट आणि प्रत्येकापासून माझं डोकंही तीन फूट, ट्वीटर (वरचे बारीक सूर काढणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला, खाली दोन-दोन विटा आणि त्यावर रबरी मॅट. डाव्या हाताला कपाट होतं ते मागच्या भिंतीला नेलं, कारण एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी असली की डावं-उजवं कधीच सारखं वाटत नाही. खर्च शून्य. पखवाज परत आला.

आता कुठला घ्यायचा. दहा बाय दहाला पाच इंची भरपूर झाला. यामाहाचा एचएस५ कंपनीच्या आकड्याप्रमाणे ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो, जेबीएलचा ३०५पी ४३ पर्यंत, पण हे आकडे दोन कंपन्या सारख्या पद्धतीने मोजतात असं समजून चालू नका. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पाठीमागचं बटण. एचएस५ ला रूम कंट्रोल आहे, ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने कमी करता येतो, जेबीएलला बाउंड्री ईक्यू आहे, म्हणजे भिंतीजवळ फुगणारा खालचा आवाज कमी करायची सोय, काली नावाच्या कंपनीच्या एलपी-६ ला तर छोटी छोटी बटणं आहेत, भिंतीला टेकवलाय का, टेबलावर ठेवलाय का, त्याप्रमाणे चित्र बघून लावायची. आपल्याकडे स्पीकर भिंतीपासून लांब ठेवायला जागाच नसते, म्हणजे ही बटणं आपल्याच कामाची, आणि ती न बघता लोक वॅटचा आकडा बघतात. बजेट अगदीच कमी असेल तर प्रीसोनसचे साडेतीन इंची एरिस घ्या, गळा, पेटी, टाळ त्यावर नीट कळतात, खालचं हेडफोनवर तपासा. आणि एक, जाहिरातीतली किंमत पुष्कळदा एका नगाची असते, जोडीची नाही. आमच्याकडचा एक मुलगा पैसे भरून बसला आणि घरी एकच खोका आला, रडकुंडीला आला होता बिचारा.

यामाहाचाच एनएस-१०, पांढऱ्या वूफरचा, १९७८ साली घरात गाणी ऐकायला म्हणून आला होता, बेस कमी, कानाला गोड अजिबात नाही, तरी जगभरच्या स्टुडिओत जाऊन बसला आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत लोकांनी त्याच्यावर काम केलं, आजही जपून ठेवलेत. लोकांना तो पाठ झाला होता. तुम्हीही जो घ्याल त्याच्यावर आपली पाठ असलेली दहा गाणी महिनाभर ऐका, मगच मिक्सला हात घाला.

केबल बॅलन्स्ड (बाहेरून शिरणारी घरघर कापणारी) घ्या, जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो तो बराचसा जातो. तो घालवायला प्लगची तिसरी पिन कुणी काढत असेल तर हात जोडून सांगतो, काढू नका, ती अर्थिंगची पिन आहे, जिवाशी खेळ आहे तो. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवून बेस थांबत नाही, त्यापेक्षा कापडात बांधलेल्या रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीच्या) चार इंची फ्रेम कोपऱ्यांत उभ्या करा, तेवढे पैसे नसतील तर घरातल्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, थोडा तरी फरक पडतो. आवाज गप्पा मारता येतील एवढाच ठेवा. आणि रात्री दहानंतर हेडफोनच, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खाली कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

तुमच्या पेपरमार्फत एक मागणी आहे. हे स्पीकर मुलांना ऐकायला मिळतच नाहीत, दुकानात शेजारी कीबोर्ड वाजतोय, वर एसी, त्यात दोन मिनिटं ऐकून चाळीस हजार कसे टाकायचे? प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे, तिथे एक छोटी खोली, मुद्दाम दहा बाय दहाचीच, द्यावी, त्यात तीन-चार स्वस्तातल्या जोड्या लावून ठेवाव्यात आणि मुलांनी पेनड्राइव्हवर आपलं गाणं घेऊन यावं, तासभर बसून ऐकावं. तिथे शिकवायला माणूस लागला तर शनिवार-रविवार मी यायला तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई