उन्हाळी तपासणी न करताच केल्याची नोंद आणि बिल दिल्याबाबत तक्रार

दिनांक : ८ मे २०२४

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर,
आपले अधिकृत सर्व्हिस सेंटर, मुंबई

विषय : २९ एप्रिल रोजी केलेल्या ‘समर चेकअप’मधील निष्काळजीपणा, बिलाचा परतावा आणि इंजिनाची फेरतपासणी

महोदय,

गेली सहा वर्षं माझी गाडी तुमच्याकडेच सर्व्हिसिंगला येते. एवढ्या काळात मी कधी बिलावरून वाद घातला नाही. हे पत्र लिहिते आहे कारण शनिवारी, ४ मे रोजी, कसारा घाटात माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना भर उन्हात रस्त्याच्या कडेला तीन तास बसावं लागलं, आणि त्याला कारण तुमच्या जॉब कार्डावरची एक टिक आहे.

एप्रिलच्या अखेरीस मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. नाशिकला पुतण्याची मुंज होती, म्हणून मी मुद्दाम २९ तारखेला गाडी तुमच्याकडे आणली आणि काउंटरवर स्पष्ट सांगितलं की घाट चढायचा आहे, म्हातारं माणूस सोबत आहे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), पंखा आणि टायर नीट बघा. संध्याकाळी ६,८४० रुपयांचं बिल आणि २७ टिका असलेलं कार्ड हातात मिळालं. त्यात ‘कूलंट बदलले’, ‘टायरची हवा तपासली’, ‘स्टेपनी तपासली’ असं लिहिलेलं आहे.

शनिवारी सकाळी साडेसातला मुलुंडहून निघालो. शहापूर सोडेपर्यंत सगळं ठीक होतं. सव्वादहाच्या सुमारास घाटाच्या चढावर तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. मी लगेच एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला, कारण हीटरमधून इंजिनाची उष्णता बाहेर निघते. बाहेर ऊन, आत हीटर, आणि सासूबाई मांडीवर भिक्षावळीच्या लाडवांचा डबा घट्ट धरून बसलेल्या. तरीही काटा खाली येईना. वळणापुढे जागा मिळताच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

आम्ही रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. गरम असताना ते उघडलं तर उकळतं पाणी दाबाने थेट तोंडावर उडतं, हे मला माहीत होतं. कसाऱ्याहून मोटरसायकलवर आलेल्या मेकॅनिकनेही आल्या आल्या तेच सांगितलं, “ताई, थंड होऊ द्या, मग बघू.” पाऊण तासाने त्याने जाड फडकं घालून झाकण हळूच उघडलं आणि मला जवळ बोलावलं. कूलंट गुलाबी असायला हवं होतं. आत चहासारखं तांबूस, गाळ बसलेलं पाणी होतं, आणि तेही तळाशी. बोटाला लागलेला गंज त्याने मला दाखवला. “हे नळाचं पाणी आहे,” तो म्हणाला. त्याच्यासमोरच मी त्यातलं थोडं पाणी एका स्वच्छ बाटलीत काढून घेतलं.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या माणसाने फोनवर “पाणी असलं तरी चालतं मॅडम” असं उत्तर दिलं, म्हणून लिहिते. ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं असलं आणि वर झाकणाचा दाब असला, तर ते मिश्रण १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. साधं पाणी त्याआधीच उकळायला लागतं. शिवाय त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि गंज रोखणारे घटक त्यात नसल्याने धातू आतून खराब होतो. पाच-सहा दिवसांत एवढा गाळ होत नाही. म्हणजे २९ तारखेला ते काढलंच गेलं नाही, उलट वरून आणखी पाणी ओतलं गेलं असावं.

त्याच फोनवर मला असंही ऐकवलं गेलं की “मुंबईत कुठे एवढं ऊन असतं? घाटात होतंच असं.” मुंबईत १९५२ च्या १४ एप्रिलला सांताक्रूझला ४२.२ अंशांची नोंद आहे. किनारपट्टीवर ३७ अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो तो उगीच नाही. समुद्रावरचे वारे उशिरा सुटले की दुपारी काय होतं हे इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. आणि पूर्व द्रुतगती मार्गावर ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहते तेव्हा समोरून वारा नसतो. रेडिएटर थंड ठेवायचं सगळं काम पंखा आणि कूलंट यांच्यावर येतं. म्हणजे मुंबईच्या गाडीला हे दोन्ही जास्तच चांगले लागतात.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडून हवा मोजून घेतली. दाराजवळच्या स्टिकरवर चारही टायरना ३३ पीएसआय (हवेचा दाब) लिहिलेलं आहे. निघालं २६, ३३, २९, ३३. स्टेपनीत फक्त १२! स्टेपनीच्या झाकणावर माझा पुस्तकांचा खोका होता, चिकटपट्टीने बंद केलेला. मी तो स्वतः ठेवला होता आणि गाडी तुमच्याकडून परत आल्यावर जसाच्या तसा होता, तरीही स्टेपनीपुढे टिक आहे. मागच्या डाव्या टायरवर २३१८ हा आकडा आहे, म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातलं उत्पादन. सहा वर्षं जुन्या टायरला कमी हवा, त्यात तापलेला रस्ता आणि हायवेचा वेग, की टायर फुटायला वेळ लागत नाही. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, वाकल्याने आतून तापतो आणि कमजोर होतो. तुमच्या कार्डावर मात्र ‘टायर स्थिती : चांगली’.

मेकॅनिकने त्याच्याकडचं योग्य मिश्रण भरलं, अर्धा तास इंजिन चालवून पाहिलं आणि मग सोडलं. नाशिकला पोचेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. सासूबाईंनी हाताने वळलेले लाडू मुंज संपल्यानंतर ताटात पडले. याची भरपाई तुमच्याकडे मागत नाही.

मला हवंय ते असं. ६,८४० रुपये परत करा. घाटात झालेल्या अतितापानंतर सिलेंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि त्याखालचं सील म्हणजे हेड गॅस्केट यांना धोका पोचला आहे का, याची तपासणी माझ्या पसंतीच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये तुमच्या खर्चाने करून द्या. आणि त्या दिवशी माझी गाडी कुणी हाताळली आणि कूलंट कुठून काढलं हे लेखी कळवा. यापुढे कार्डावर टिकेऐवजी मोजलेला आकडा लिहा. हवा किती, कूलंटची पातळी किती. आकडा लिहायचा तर मोजावं लागतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी अर्ज करणार आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायचीही माझी तयारी आहे. बिल, जॉब कार्ड, मेकॅनिकची पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. ते पाणी घाटातच बाटलीत भरून सील केलं आहे. तुमचा माणूस पाठवा, त्याच्या समोरच उघडू.

आपली ग्राहक,
मुलुंड (पूर्व), मुंबई