गिटार माळ्यावर टाकण्याआधी तार मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं वाद्य अर्ध्यावर का सोडतात, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मोबाइल, क्लासची ओढाताण, चिकाटी नसणं ही कारणं त्यात दिली आहेत. ती असतीलही. आमच्या घरात मात्र गिटार सुटायची वेळ आली ती एका तारेमुळे. असं आणखी घरांत होत असणार, म्हणून लिहितो आहे.

माझी नात सातवीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला गिटार घेतली. आठवड्यातून दोनदा क्लास आणि रोज संध्याकाळी पाऊण तास घरी, असा तिचा नेम होता. गेल्या जूनमध्ये तिची पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार तुटली. स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी सुटी तार आणली, तीस रुपयांना. दुकानदारानं खिळ्याला लटकवलेल्या वेटोळ्यांतलं एक काढलं आणि कागदात गुंडाळून दिलं. त्यावर ना जाडी लिहिलेली, ना धातू. महिनाभरात पोरगी क्लास चुकवू लागली. "आजोबा, एफ लागतच नाही, बोट दुखतं," एवढंच सांगायची. घरात तिला बोलणी बसली. मीही बोललो, आणि ते अजून मनाला लागून आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, मी ३४ वर्षं काढली. स्वतःच्या पैशांनी घेतलेला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, अजून कपाटात आहे. तुटलेल्या तारेचा तुकडा गिटारच्या पिशवीत सापडला, तो मोजला. भरला १० थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी आणलेली तार मोजली, ती १२ थाऊ. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पण तीच लांबी, तोच सूर ठेवायचा तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहाचा वर्ग शंभर, बाराचा एकशे चव्वेचाळीस. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर १० थाऊची पहिली तार सुमारे ७.३ किलोनं ताणलेली असते, १२ थाऊची साडेदहा किलोनं. एफ ही एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा मेळ. ती लावताना पहिलं बोट तारांवर आडवं दाबून धरावं लागतं. बारा वर्षांच्या मुलीनं ते जवळजवळ दीड पट ताणाच्या तारेवर करायचं आणि वर आळशी म्हणून ऐकून घ्यायचं!

माझ्या बहिणीकडे मिरजेचा तंबोरा आहे. त्याची तार आणायला गेलं की दुकानदार आधी नंबर विचारतो, पोलादी हवी की पितळी ते विचारतो. गिटारची तार मागितली की मात्र "पहिली का दुसरी?" एवढ्यावर व्यवहार संपतो. ठाण्यातल्या वाद्यविक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, सुट्या तारेच्या कागदावर जाडी आणि धातू पेनानं तरी लिहा. आणि पालकांनी न विचारता तार घेऊ नये. शिकणाऱ्या मुलाला १० किंवा फार तर ११ चा सेट, म्हणजे ज्यातली पहिली तार तेवढ्या थाऊची असते तो, पुरतो. १२ चा सेट आवाजाला भरदार खरा, पण त्याच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो.

यानंतर मी सुटी तार घेणं बंद केलं आणि सेटच आणू लागलो. पाकिटांवरची नावं गोंधळात टाकतात. ज्याला ८०-२० ब्राँझ म्हणतात त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं, म्हणजे ते आपलं पितळच. नवं असताना खणखणीत वाजतं, पण आवाज लवकर बसतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. डॅडारिओ या तारा बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं १९७४ साली हा धातू गिटारच्या तारांवर आणला. आवाज थोडा गोलसर, आणि माझ्या अनुभवात जास्त दिवस टिकणारा. दोन्हींत आतला गाभा पोलादाचाच असतो. जाड तारांवर या धातूचा पीळ गुंडाळलेला असतो, पहिल्या दोन बारीक तारा नुसत्या पोलादाच्या.

आणि पोलादाला खाडीकाठची हवा सोसत नाही. जुलैत आमच्या सावरकर नगरमध्ये धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे तारेचं काय होणार? त्यात घाम. टूलरूममध्ये आमच्यातल्या दोघांचा हात असा होता की त्यांनी हाताळलेला ग्राइंडिंगचा जॉब, म्हणजे घासून तयार केलेला पोलादी भाग, दुसऱ्या दिवशी गंजलेला दिसायचा. ते तेलाच्या फडक्याशिवाय जॉबला हात लावत नसत. माझ्या नातीचा हात तसाच आहे. स्वस्तातला दोनशेचा सेट तिच्याकडे पावसाळ्यात तीन आठवडे चालला. साडेसहाशेचा फॉस्फर ब्राँझ दोन महिने. मग लेप दिलेल्या तारा घेतल्या, दीड हजारांच्या. घाम आणि मळ पिळाच्या फटींत शिरू नये म्हणून त्यांच्यावर अगदी पातळ थर असतो. त्या साडेपाच महिने चालल्या. महिन्याला पावणेतीनशेच्या आत पडल्या, म्हणजे तीन आठवड्यांत संपणाऱ्या दोनशेच्या सेटपेक्षा स्वस्त. ज्या मुलाचा हात कोरडा आहे, जो आठवड्यातून दोनदाच वाजवतो, त्याला एवढा खर्च करायची गरज नाही. त्याला फॉस्फर ब्राँझ घ्यावा, वाजवण्याआधी हात धुवावेत आणि वाजवून झाल्यावर जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी. खालची बाजू सगळे विसरतात.

तार मेली आहे हे ओळखायला तयार कान लागत नाही. बाराव्या पडद्याच्या (गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी, फ्रेट) बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. नव्या तारेवर हे दोन सूर जुळत होते आणि आता जुळत नसतील, तर पिळात मळ साचून तारेचं वजन असमान झालं आहे. मग कितीही खुंटी पिळा, कॉर्ड बेसूरच लागणार आणि मुलाला वाटणार की आपलाच कान कच्चा.

आणखी एक, कारण शेजारच्या घरात हे नुकसान झालेलं पाहिलं आहे. बोटं दुखतात म्हणून पोलादी तारांच्या गिटारला नायलॉन लावलं तर आवाज मरतो, एवढंच. पण नायलॉनच्या क्लासिकल गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नका. ती सुमारे ४० किलोच्या ताणासाठी बांधलेली असते. शेजारच्या मुलाच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, चौथ्या दिवशी उखडून आला.

नातीच्या गिटारला आता १० चा सेट आहे आणि एफ गणपतीच्या आधी लागला. सोसायटीतल्या नि आजूबाजूच्या मुलांना मी सांगून ठेवलं आहे, तार घेतली की आधी माझ्याकडे आणा. मायक्रोमीटर दाराजवळच्या टेबलावर काढून ठेवला आहे. आतापर्यंत नऊ सुट्या तारा मोजल्या, त्यांपैकी चार सांगितलेल्या मापाच्या नव्हत्या.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
सावरकर नगर, ठाणे (पश्चिम)