राबाईहून परतल्यावर

नंदुरबार,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो आणि "सविस्तर लिहितो" एवढेच बोलून मी फोन ठेवला, त्याचा राग धरू नकोस. तुझा प्रश्न काही नवा नव्हता. मी निघालो त्या दिवशी नंदुरबार स्टेशनावर, मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणाऱ्या वाऱ्याने आपण दोघेही शिंकत असताना, तू हेच विचारले होतेस : "धडगावाकडे बायका अजून डोंगर उतरून पाणी आणतात, आणि भो, तू टाकीचा ओटा बांधायला आफ्रिकेत चाललास?" तेवढ्यात गाडी सुटली आणि मी वाचलो. आज मात्र उत्तर देणे भाग आहे.

प्रवासाचे फार लिहीत नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्यासाठी मुंबईची एक खेप झाली. मुंबईहून केनियातले नैरोबी विमानाने सहा तासांच्या आसपास, आणि तिथून मोंबासापर्यंत २०१७ साली सुरू झालेली नवी रेल्वे. वाटेत त्सावोच्या अभयारण्यातले हत्ती खिडकीतून दिसले. तिथली माती अंगावर उडवून घेऊन ते विटकरी रंगाचे झालेले असतात. मोंबासाच्या मागच्या टेकाडावर नारळीच्या झाडांत राबाई नावाचे गाव आहे, तिथल्या चर्चच्या मंडळीच्या बालवाडीत आमचा मुक्काम होता.

आमच्या चर्चच्या पाळकांनी निरोप देताना माझ्या गळ्यात हार घातला आणि सर्वांसमोर मला "आपला तरुण मिशनरी" म्हटले, ते तू ऐकलेच आहेस. या मिशनरीने पहिला दिवस कसा घालवला ते ऐक. आदल्या संध्याकाळी गवंड्याने मला सांगितले, "केशो, सा मोजा." केशो म्हणजे उद्या, सा मोजा म्हणजे एक वाजता, एवढी स्वाहिली मी पाठ करून गेलो होतो. म्हणून सकाळी निवांतपणे कपडे धुतले, आईला फोन केला आणि दुपारी बरोबर एकला, टोपी घालून, कामावर हजर झालो. तिथे सगळे जेवायला बसले होते आणि कोणीच काही बोलेना. मग बालवाडीच्या बाईंनी समजावले की स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ती माणसे सकाळी सातपासून माझी वाट पाहून शेवटी आपले आपण कामाला लागली होती. मी मान खाली घालून घमेले उचलले.

त्या घमेल्याला ते काय म्हणतात सांगू? कराई. आपली कढईच ती, शतकानुशतकांच्या व्यापारात समुद्र ओलांडून गेलेली. दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी, हिशेब म्हणजे हेसाबू, लाख म्हणजे लाकी. गवंड्याला फुंडी म्हणतात आणि आमचा फुंडी साठीच्या पुढचा, कमी बोलणारा, माझ्या वडिलांसारखाच कानात पेन्सिल खोचणारा माणूस होता. गवंड्याचा मुलगा म्हणून मी मोठ्या ऐटीत थापी मागून घेतली. तिथे प्रवाळाच्या दगडाचे कापलेले ठोकळे बांधकामाला वापरतात. दिसतात दगडासारखे, पण आतून स्पंजासारखे सच्छिद्र असतात. मी ते कोरडेच लावत गेलो. दोन थर झाले तरी फुंडी गप्प. मग त्याने वरचा एक ठोकळा हाताने हलवला आणि तो अलगद सुटून आला, कारण सिमेंटच्या मालातले सगळे पाणी ठोकळ्याने पिऊन टाकले होते. विटा भिजवून घ्याव्यात हे आमच्या घरात चौथीतल्या पोरालाही कळते. दगड समजून मी फसलो. फुंडीने न रागावता दोन्ही थर उतरवले, ठोकळे बादलीत बुडवले आणि थापी पुन्हा माझ्याच हातात दिली.

बुधवारी कोपरा उभा राहिल्यावर त्याने ओळंबा सोडला. दोरी स्थिर होईपर्यंत आम्ही दोघेही श्वास रोखून बसलो होतो. मग त्याने एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "बाराबारा." मी चमकून विचारले, काय? त्याने पुन्हा म्हटले आणि हाताने सरळ रेघ दाखवली. बरोबर! शब्दही तोच, अर्थही तोच. (हाच शब्द त्यांच्याकडे हमरस्त्यालाही वापरतात, ते मला फार आवडले.) मला हसू आवरेना आणि मी का हसतो हे त्याला सांगण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती.

जेवणाचे तुझ्या वहिनींना अवश्य सांग. नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे आणि वेलदोडा घातलेली तळलेली पुरीसारखी पोळी हा तिथला सकाळचा नाश्ता. चव छान, पण खानदेशी जिभेला तिसऱ्या दिवशी ते गोडमिट्ट वाटू लागले. शेवटी मी आईने दिलेली मिरचीपूड बाहेर काढली. स्वयंपाक करणाऱ्या आजींनी चमचाभर घातली, चाखली, डोळ्यांतून पाणी काढले आणि पुडी कमरेला खोचली ती परत दिलीच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्यातला एक जण दिवसभर पोरांना कडेवर घेऊन फोटो काढून घेत होता आणि बादलीला त्याने हात लावला तो फोटोपुरताच. ती पोरे मोठ्या माणसाला "शिकामू" म्हणतात. मूळ अर्थ "तुमचे पाय धरतो", आपल्या पाया पडण्यासारखेच. पाय धरणाऱ्या पोराचे आपण असे करावे याची मला लाज वाटली, पण मी त्याला काही बोललो नाही, हेही कबूल करतो.

आता जे सांगायला खरे तर हे पत्र लिहायला बसलो ते. गुरुवारी दुपारी काम थांबले तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी मला जुने चर्च दाखवले. क्राप्फ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ साली मोंबासाला आला. त्याच वर्षी त्याची बायको आणि तान्ही मुलगी तिथेच वारली, तरी तो राहिला आणि १८४६ मध्ये रेबमन या सोबत्याबरोबर राबाईला ठाणे केले. हे मी वाचून गेलो होतो. पण शिक्षकांनी मी कुठला असे विचारले, आणि नंदुरबार त्यांना कळेना म्हणून मी "नाशिकच्या पलीकडे" म्हणालो, तेव्हा ते थबकले. "नासिक?" मग त्यांनी सांगितले ते असे. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली कितीतरी नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवली जात. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, वाचन शिकली. त्यांच्यातले काही जण १८६४ मध्ये राबाईला परत आले, आणि १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन ही वसाहत वसली तेव्हा आणखी पुष्कळ आले. आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतला जेकब वेनराइटही नाशिकलाच शिकलेला होता. राबाईला शिकवणाऱ्या, उपदेश करणाऱ्या पहिल्या आफ्रिकी लोकांतले ते हेच.

मित्रा, शरणपूर रोडवरून आपण दोघे किती वेळा रिक्षाने गेलो आहोत! ज्या मुलांच्या कानांवर नाशिकची मराठी पडली असेल, ती दीडशे वर्षांपूर्वी राबाईला उपदेश करत होती, आणि मी २०२५ मध्ये गळ्यात हार घालून, मोठे काही नवीन नेत असल्याच्या थाटात तिथे पोहोचलो. त्या रविवारी मला उपासनेत चार शब्द बोलायचे होते. लिहून नेलेला कागद मी खिशातच ठेवला आणि फक्त ठोकळ्यांची फजिती सांगितली. लोक पोट धरून हसले. फुंडी सर्वांत जास्त.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की हिशेबाने तूच बरोबर होतास. माझ्या तिकिटाच्या पैशात त्या फुंडीची महिना-दीड महिन्याची मजुरी निघाली असती आणि ओटा माझ्याशिवाय दोन दिवस आधी उभा राहिला असता. मार्चमध्ये तिथला मोठा पाऊस सुरू होईल आणि टाकी पत्र्यावरच्या पाण्याने भरेल, त्यात माझा वाटा फार तर एका कोपऱ्याचा. तरी जाऊ नये होते असे मला म्हणवत नाही, आणि का म्हणवत नाही हे वर लिहिले आहे.

धडगावचे मी विसरलेलो नाही. वडिलांशी बोललो; त्यांचा ओळंबा आणि पाणसळ ते देतात, होळीनंतर आठ दिवस स्वतः यायलाही तयार आहेत. वाळू आणि सिमेंट तुझ्या ट्रॅक्टरने न्यावे लागेल. जागा तू ठरव आणि गावातल्या लोकांना आधी विचार. निघायचे सकाळी सातला, आपल्या घड्याळाच्या.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र